पिस्तूल नको, दांड्या पाठव

शारजा, ४ नोव्हेंबर १९९९

अक्षे, जय भीम.

आमच्या खोलीतले पिराजीमामा सुट्टीवर कागलला निघालेत. त्यांच्याकडं एक खोकं दिलंय. ते बघून तुझ्या बाबांना, आपल्या मामांना वाटेल टीव्ही आला. टीव्ही नाही. गाडी आहे, आणि ती तुझी आहे.

हसू नकोस, हे जत्रेतलं खेळणं नव्हे. हातभर लांब, चार चाकांना चार स्प्रिंगा, बॅटरीवर चालते, आणि सुटली की सायकलवाल्याला मागं टाकते. इथं बँकेतले मोठे साहेब शुक्रवारी वाळूत या गाड्यांच्या शर्यती लावतात. एका साहेबानं ही गाडी खांबावर आपटली आणि दुकानातच टाकून दिली. मालकानं मला दिली. पुढचा सांगाडा बदलून मी ती पुन्हा उभी केली.

सोबत ट्रान्समीटर आहे. घरात सगळे रिमोट म्हणतील, तू म्हणू नकोस. गाडी कुठलीही चालते, पण ट्रान्समीटर हातात बसला पाहिजे, हे मी दिवसातून दहादा गिऱ्हाइकांना सांगतो. दुकानाचा मॅनेजर झाल्यापासून हेच काम. तुझा पिस्तुलासारखा आहे. डाव्या मुठीत दांडा धरायचा, पहिलं बोट चापावर. चाप ओढला की गाडी पळते, पुढं ढकलला की ब्रेक. बाजूला स्पंजचं चाक आहे, ते उजव्या हातानं फिरवशील तिकडं गाडी वळते.

तुलाच का, म्हणशील. चौदाव्या वर्षी मुरगूडला तू ट्रॅक्टर मागं घेत घेत उसाची ट्रॉली दोन गोठ्यांच्या मधल्या बोळात घातली होतीस. मोठमोठे ड्रायव्हर तोंडात बोट घालून बघत होते. ती पोरगी ही गाडी चालवणार नाही तर कोण?

दुसरं कारणही आहे. वर्ष होत आलं, तुझी पत्रं आटलीत. पूर्वी चार-चार पानं यायची. लेथवर काय केलं, फोरमन कसा बोलतो, सगळं. आता नुसतं ‘सगळे बरे आहेत’. पॉवर प्रेसवर टाकलंय म्हणून लिहिलं होतंस, त्यानंतर कामाचं एक अक्षर नाही. लग्नबिग्न ठरवलं काय मामांनी? तुझा आयटीआयचा फॉर्म मी भरला होता. मामी म्हणत होत्या, पोरीला टर्नर करून काय करायचंय. तेव्हा विचारायचा हक्क आहे माझा.

उद्यमनगरात वृषभ मगदूम म्हणून आहेत. त्यांचा फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवायचा कारखाना आहे. मागं त्यांनी आमच्याकडनं टायर मागवले होते. रविवारी सात-आठजण शेंडा पार्कच्या माळावर गाड्या पळवतात. जाऊन भेट.

तुझा,
प्रसेन


कोल्हापूर, २ डिसेंबर १९९९

प्रसेनदादा, जय भीम.

खोकं मिळालं. बाबांना खरंच टीव्ही वाटला. आईनं गाडी बघून, ‘एवढ्या लांबनं हे आणलं व्हय?’ म्हणून कपाळाला हात लावला. आता तीच रोज फडक्यानं पुसते.

गेल्या रविवारी बाबांबरोबर माळावर गेले होते. थंडी होती म्हणून ओढणी हाताला गुंडाळून उभी राहिले. वृषभ मगदूमांनी ओळख विचारली, शारजाचं नाव काढल्यावर चहा पाजला आणि गाडी सोडायला लावली. गाडी सुटली ती सरळ त्यांच्या हिरो होंडावर. ते बाबांना म्हणाले, “पावणं, पोरीला सांगा, फटफटी माझी हाय, हप्ते अजून चाललेत.” सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्यांदा सोडली तर जागच्या जागी गोल फिरून उलटी पडली.

दादा, एक विचारायचं होतं. हे पिस्तूल माझ्या हाताला मोठं पडतं. दुसऱ्या तऱ्हेचा ट्रान्समीटर असतो का? मगदूमांकडं एका जुन्या पुस्तकात चित्र बघितलं. चपटा डबा, वर दोन दांड्या, दोन्ही अंगठ्यांनी चालवायच्या. तसला तुमच्या दुकानात आहे का?

सध्या कामाला सुट्टी आहे. लग्नाचं काही नाही. सगळे बरे आहेत.

तुझी,
अक्षा


शारजा, २४ डिसेंबर १९९९

अक्षे,

पुन्हा ‘सगळे बरे आहेत’! बाई, मी काय ग्रामसेवक आहे?

दोन दांड्यांचा ट्रान्समीटर असतो. विमानं उडवणारे वापरतात, आणि गाडीवाल्यांत म्हातारे. आमच्याकडं वरच्या फळीवर धूळ खात पडलाय. शर्यतीत आता सगळ्यांच्या हातात पिस्तूलच असतं, कारण खऱ्या गाडीसारखं चाक फिरवता येतं. पिस्तूल हाताला मोठं पडतं हे मला पटत नाही. इथं दहा वर्षांची पोरं ते धरतात. तुझी मूठ मला माहीत आहे, लहानपणी पाठीत खाल्लीय.

चाप जोरात ओढत असशील. पहिल्या बोटाच्या फक्त टोकानं ओढायचा, शेंगदाण्याचं फोलपट काढतो तसा, अलगद. महिनाभर रोज अर्धा तास सराव कर.

आणि एक खरं सांगू? एका रविवारातच हत्याराला नावं ठेवायला लागलीस, हे मला आवडलं नाही. हात मोठा, हात लहान, ही सगळी निमित्तं. कामाला सुट्टी म्हणजे काय? कारखान्याला कसली सुट्टी? घरात बसून लोळायला लागलीस की काय? ज्या पोरीनं वीस पोरांच्या वर्गात टर्नरचा पहिला नंबर काढला, ती असली रड घालणारी नव्हती.

राग आला तर येऊ दे, पण चार पानं लिही.

प्रसेन


कोल्हापूर, १९ जानेवारी २०००

दादा,

या पत्राचं मागचं पान आधी बघ, मग पुढं वाच.

बघितलंस? डावा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड काढलीय. चित्र चुकलेलं नाही. अंगठा आहे, मग मोकळी जागा, मग शेवटची दोन बोटं.

गेल्या फेब्रुवारीत झालं. पत्रा सरकवायला हात आत होता आणि प्रेस खाली आली. पुढची जाळी काढून ठेवली होती, माल भराभर निघावा म्हणून. मी काढली नव्हती. दवाखान्यात अठरा दिवस होते. नंतर कारखान्यातून साहेब आले, फळं घेऊन. “ताई, आता घरीच बरं,” म्हणाले. त्या दिवसापासून घरीच आहे.

तुला कळू द्यायचं नाही म्हणून मीच सगळ्यांना शपथ घातली. तू फॉर्म भरला होतास. तुला वाटलं असतं, तूच माझा हात प्रेसखाली ठेवलास. परक्या देशात एकटा बसून तेच घोकत राहिला असतास. आत्याला तर, तुझी आई ना ती, सगळ्यात जड गेलं. तुला पत्र लिहिताना ती रडते, आणि कागदावर ‘अक्षा मजेत’ असं लिहिते. तिच्यावर रागावू नकोस.

तुझं पत्र वाचून मला खूप राग आला. निमित्तं सांगते म्हणालास, लोळते म्हणालास. मग पुन्हा वाचलं, आणि मग अजून एकदा. दादा, वर्षभरात मला कुणी रागावलेलं नाही. सगळे हळू आवाजात बोलतात. चहाचा कप हातात धरून देतात. आई माझ्यासमोर भाजी चिरत नाही. तुझ्या पत्रात मी जुनी अक्षा होते, शिव्या खाणारी. बरं वाटलं.

तू सांगितल्यासारखा सराव मी केला होता. चाप तिसऱ्या बोटानं ओढून बघितला. मूठ सुटते. पिस्तूल दोरीनं मनगटाला बांधूनही बघितलं. गाडी भिंतीवर गेली.

आता एक कर. भाऊ म्हणून उत्तर लिहू नकोस, दुकानदार म्हणून लिही. गिऱ्हाइकाच्या डाव्या हाताला अंगठा धरून तीन बोटं आहेत. उजवा हात शाबूत आहे. गाडी चालवायची तर आहे. कुठला ट्रान्समीटर घ्यावा?

अक्षा


शारजा, १० फेब्रुवारी २०००

अक्षे,

पत्र मिळाल्यावर चार दिवस मी भाऊच होतो. त्यातलं काही लिहीत नाही. पाचव्या दिवशी दुकानदार झालो.

तू खरं सांगितलंस, मग माझंही एक ऐक. मी मॅनेजर नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मोडक्या गाड्यांच्या सुटलेल्या तारांना डाग देतो. गिऱ्हाइकाशी मी कधी बोललेलो नाही, माझं इंग्रजी ऐकून ते पळून जातील असं मालकाला वाटतं. आईनं गावभर मॅनेजर म्हणून सांगितलं आणि मला खोडवलं नाही.

तर, तुझा कागद घेऊन कामाला लागलो. माझ्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं तळव्याला टेपनं बांधून टाकली. इथं दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. त्या वेळात मागच्या अंगणात एकेक ट्रान्समीटर घेऊन गाडी पळवायची असं ठरवलं. पहिल्याच दिवशी मालकानं पकडलं. “हे काय चाललंय?” मी कागद दाखवला. त्यानं बराच वेळ तो धरून ठेवला, आणि शोकेसची किल्ली माझ्या हातावर ठेवली. आठ दिवसांत दुकानातले सगळे अकरा ट्रान्समीटर वापरून झाले. आता ऐक.

साधं पिस्तूल तुला जमणार नाही. तू बरोबर होतीस, मी गाढव. तीन फेऱ्यांत मनगट भरून येतं.

दुसरा एक नवा निघालाय. तोही पिस्तूलच, पण त्याचं चाक काढून डाव्या बाजूला बसवता येतं. म्हणजे मूठ आणि चाप उजव्या हातात, आणि चाक डाव्या हाताच्या तीन बोटांनी फिरवायचं. दुकानातली सगळ्यात भारी वस्तू. मालक अर्ध्यात देतो म्हणालाय.

तिसरा तो दोन दांड्यांचा. डबा दोन्ही तळव्यांत बसतो. डावा अंगठा वेगाला, उजवा अंगठा वळणाला. डब्याचं वजन खालून ती शेवटची दोन बोटं झेलतात. चालतो, पण जुना आहे, रंग उडालाय.

माझं मत दुसऱ्याला. मैदानात सगळ्यांच्या हातात पिस्तूल असणार, तुझ्याही हातात तेच असावं. तुझ्याकडं कुणी वेगळ्या नजरेनं बघू नये. दोन्हींची मापं आणि चित्रं सोबत जोडतोय. तू हो म्हण, नवा पाठवतो.

प्रसेन


कोल्हापूर, ६ मार्च २०००

दादा,

हो म्हणायच्या आधी खूप काही झालंय. चार पानं मागत होतास ना, घे.

तुझी चित्रं घेऊन मी उद्यमनगरात मगदूमांच्या कारखान्यात गेले. ओढणी खांद्यावरच ठेवली. वृषभदादांनी हात बघितला आणि त्यांचा चेहरा पडला, फटफटीवरून हसल्याचं आठवलं असणार. पण त्यांचे वडील, शांतिनाथ अण्णा, सत्तरीचे आहेत, त्यांनी चष्मा पुसून माझा हात नीट उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, “करवतीनं माझ्या निम्म्या कारागिरांची बोटं खाल्ल्यात. बोटं मोजत बसायला ही काय बालवाडी हाय? काय काम घेऊन आलीस ते सांग.”

मी चित्रं दाखवली. म्हटलं, दोन ट्रान्समीटर आहेत, कुठला हाताला बसतो ते धरल्याशिवाय कळायचं नाही, आणि ते आहेत शारजाला. अण्णा म्हणाले, “मग लाकडाचे कर की. आम्ही दुसरं काय करतोय इथं? आधी लाकडाचं करायचं, पटलं तर मग लोखंडाचं. रंधा धरता येतोय का?”

“येतोय की,” म्हटलं.

येत नव्हता. डाव्या हातातून फळी निसटायची. तीन दिवस निसटली. अण्णा जवळ आले नाहीत, कुणाला येऊही दिलं नाही. चौथ्या दिवशी मी फळीला तळव्याची टाच लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली. रंधा सरळ गेला. पातळ, अख्खी ढलपी निघाली, दादा, एका दमात, इकडपासून तिकडपर्यंत. वर्षानंतर माझ्या हातानं काहीतरी सरळ झालं. ती ढलपी मी घरी आणली. आईनं विचारलं, हा कसला कचरा? आणि मग माझ्याकडं बघून ती आत निघून गेली. त्या संध्याकाळी तिनं विळी माझ्यापुढं सरकवली. “मेथी निवडलीय, चिर,” म्हणाली.

बारा दिवसांत दोन्ही डबे झाले. सागवानी, तुझ्या मापांत, आतून बॉलपेनच्या स्प्रिंगा घालून. रोज दुपारनंतर वृषभदादा समोर बसून ओरडायचे, “डावं! ब्रेक! उजवं, उजवं! सोड!” आणि मी चालवायची. आधी एक डबा, मग दुसरा. अण्णा घड्याळ घेऊन बसायचे. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत असतं, तेवढ्यापुरतं थांबायचं.

तुझ्या नव्या पिस्तुलात चाक माझ्या डाव्या हाताकडं येतं. हळू वळणाला ठीक आहे. पण डावं-उजवं पटापट आलं की तीन बोटं चाकावरून घसरतात. आणि वळणं हे बारीक काम, लेथवर शेवटचा कट घेतो तसं. ते शाबूत हाताचंच काम आहे. वेग कमी-जास्त करणं अंगठ्याला जमतं. माझ्या डाव्या अंगठ्यानं वर्षभर दोन बोटांचं काम केलंय, आता तो पान्यासारखा दणकट झालाय. दोन दांड्यांचा डबा हातात घेतला की मला हाताचा विसर पडतो. दुसरा घेतला की हात आठवत राहतो.

आणि माझ्याकडं कुणी बघू नये म्हणून तू पिस्तूल घे म्हणालास. ते प्रेमानं म्हणालास, कळलं. पण बघणारे बघू देत. मला लपायचं नाही, जिंकायचं आहे. मे महिन्यात इथं मोठी शर्यत आहे. सांगली, इचलकरंजी, बेळगावचे लोक येणार आहेत.

पिस्तूल नको, दांड्या पाठव.

तुझी,
अक्षा


शारजा, ९ एप्रिल २०००

अक्षे,

पाठवल्या. आजऱ्याचा एक ड्रायव्हर गावी निघालाय, त्याच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध आहेत. डब्यावर उडालेला रंग मी पुन्हा मारलाय. डाव्या दांडीची स्प्रिंग थोडी सैल केलीय, तुझ्या अंगठ्याला लांबवर दाबायला सोपी जाईल.

एक गोष्ट ध्यानात ठेव. प्रत्येक ट्रान्समीटरला आत एक क्रिस्टल असतो आणि त्याचा एक रंग असतो. तुझा निळा आहे. मैदानात दुसऱ्या कुणी निळा चालू केला तर तुझी गाडी त्याचं ऐकायला लागेल. शर्यतीआधी सगळ्यांना रंग विचार.

मला अजूनही वाटतं, पिस्तूल बरं होतं. मालकालाही तसंच वाटतं. पण हात तुझा आहे आणि तू बारा दिवस रंधा मारून ठरवलंयस. आम्ही नुसतं बघून सांगतोय.

इथली बातमी म्हणजे, मालकानं मला संध्याकाळी दोन तास पुढं गल्ल्याशेजारी उभं राहायला सांगितलंय. म्हणाला, अकराच्या अकरा वापरून बघितलेला माणूस या दुकानात दुसरा नाही. परवा मी मोडक्या इंग्रजीत एका डावखुऱ्या साहेबाला ते डावीकडं चाक बसवायचं पिस्तूल विकलं. तो पळून गेला नाही.

शर्यतीचं सगळं लिही. हरलीस तरी लिही.

प्रसेन


कोल्हापूर, १६ मे २०००

दादा,

आधी हे सांगून टाकते, म्हणजे तू शेवटचं पान आधी उघडणार नाहीस. जिंकले. आता सावकाश वाच.

रविवारी सकाळी शेंडा पार्कवर निदान चारशे माणूस. आइस्क्रीमवाला, रसाचा गाडा, सगळं आलेलं. माती पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेली, कडेनं जुने रबरी पाइप, मधे फळ्यांची एक उडी. चालवणाऱ्यांनी उभं राहायला उसाची ट्रॉली आणून लावली होती. एकोणीस गाड्या. बाबा, आई, आत्या, सगळे आले होते. आत्यानं नवीन लुगडं नेसलं होतं, लग्नाला आल्यासारखं.

बेळगावचे अतुल हुद्दार गेली तीन वर्षं जिंकतात. काळा चष्मा, पिस्तूल चामड्याच्या पेटीत. माझा डबा बघून म्हणाले, “हे काय, ताई? विमान उडवायला आलाय काय?”

“उडवतो की,” मी म्हटलं. “बघाच.”

आणि पहिल्या फेरीत खरंच उडवलं. तू सांगितल्यासारखं मी सगळ्यांना रंग विचारले होते, निळा कुणाचाच नव्हता. दुसरा राउंड घेतला आणि गाडी माझं ऐकेनाच. दांडी सोडली तरी सुसाट, पाइपांवरून उडी मारून लोकांतून थेट रसाच्या गाड्याखाली. लोक बाजूला पळाले. मी ट्रॉलीवर तशीच उभी. खालून एक बाई हळू आवाजात म्हणाली, “जाऊ दे बाई, हातच तसला हाय, पोर तरी काय करंल.”

दादा, गाडी गेली त्याचं काही वाटलं नाही. त्या हळू आवाजाचं वाटलं. मी ट्रॉलीवरनंच ओरडले, “हातानं न्हाय झालं! कोण तरी निळा लावलाय! शोधा त्याला!” एवढ्या मोठ्यानं मी वर्षभरात बोलले नव्हते. बाबा दचकले. वृषभदादा पळत गेले, आणि गाड्यांच्या रांगेमागनं इचलकरंजीच्या एका गृहस्थाला घेऊन आले. उशिरा आला होता बिचारा, नवी गाडी तपासून बघत होता. निळा. त्यानं कान पकडले. पण पंच म्हणाले, झालेली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत जे येईल ते धरणार.

दुसऱ्या फेरीत मी तिसरी आले. अंतिम शर्यतीत सहा गाड्या, पहिली फेरी बुडाली म्हणून त्यात माझी जागा सहावी. सगळ्यात मागं.

आता ऐक. दुपार झाली होती. मेचं ऊन, माती सुकून वरची पूड मोकळी झाली होती. शर्यत पाच मिनिटांची. शिट्टी झाली आणि पाचही जणांनी चाप ओढले. सगळ्यांची चाकं पुडीत गरगरली, धूळ उडाली, पहिल्या वळणावर दोघं एकमेकांवर चढले. मी अंगठा अर्ध्यावरच ठेवला होता. धुळीतून माझी गाडी बाजूनं शांतपणे निघून गेली. एका वळणात सहावीची चौथी.

तेव्हा मला समजलं आपण काय निवडलंय. त्यांचं बोट चाप ओढतं तेव्हा सगळा ओढतं, घाईत थोडासा ओढता येत नाही. माझा अंगठा दांडीवर वरून बसलेला, त्याला केसभर पण कळतं. उडीआधी केसभर कमी, उतरल्यावर केसभर जास्त. खाली आई गर्दीत पुढं घुसून ओरडत होती, “दाब, अक्षे, दाब!” आणि मला तर सोडायचं होतं. तिसऱ्या मिनिटाला सांगलीवाले उडीवर उलटले. मी तिसरी.

मग वृषभदादा. त्यांनी वाट दिली नाही. दिली असती तर मी बोलले नसते त्यांच्याशी. दोन राउंड आम्ही चाकाला चाक लावून गेलो. तिसऱ्या राउंडला त्यांची गाडी लांबट वळली, मी आतून घातली. शेजारी उभे होते, तोंडातल्या तोंडात म्हणाले, “जा, आता त्याला सोडू नको.”

पुढं फक्त हुद्दार. शेवटचं मिनिट. त्यांची गाडी सरळ रस्त्याला माझ्यापेक्षा वेगात, पण चार मिनिटं सगळा चाप ओढून ओढून त्यांची बॅटरी दमली होती, उडीवर पूर्वीसारखी उंच जात नव्हती. माझ्या बॅटरीत अजून जीव होता. पंच ओरडले, “शेवटचा राउंड!” उडीवर आम्ही बरोबरीनं उडलो. त्यांची जड होऊन नाकावर उतरली आणि कचरली. माझी चारही चाकांवर. शेवटचं डावं वळण. मी डावा अंगठा सोडला, उजव्या अंगठ्यानं आत टाकली, गाडीची शेपूट सरकली, धरली, आणि मग, दादा, मग दाबलं. सगळं. आई सांगत होती तसं.

हातभर अंतरानं. गाडीएवढ्या हातभर अंतरानं.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. बाबांनी फेटा वर उडवला, तो कुणाच्या तरी रसाच्या ग्लासात पडला. आत्या पंचांनाच मिठी मारायला निघाली होती. हुद्दारांनी चष्मा काढला, ट्रॉलीवर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “ताई, तो डबा जरा धरून बघू काय?” मी दिला. त्यांनी दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले, मग माझ्या हाताकडं बघितलं, सरळ, न लाजता. “हा तुम्हीच निवडला?” म्हणाले. “व्हय,” म्हटलं. त्यांच्यामागं आणखी चारजण डबा धरून बघायला उभे होते.

कप पितळेचा आहे, वीतभर उंच. फोटोग्राफर म्हणाला, ताई, उजव्या हातात धरा, चांगलं दिसेल. मी डाव्या हातानं वर धरला. त्याच्यात तीन बोटं दिसतात. प्रत सोबत आहे.

आणि शेवटी एक. अण्णांनी एक जूनपासून मला कामावर बोलावलंय, पॅटर्नच्या शेवटच्या घासकामाला. मी म्हटलं, अण्णा, कप मिळाला म्हणून? ते चिडले. “कपाचं काय करायचंय मला? तुझे ते दोन सागवानी डबे बघितले तेव्हाच ठरवलंवतं. पोरीला आधी शर्यत खेळू दे म्हणून थांबलोतो.”

तुझी,
अक्षा


शारजा, ३० मे २०००

अक्षे,

तुझं पत्र मागच्या आठवड्यात सोमवारी आलं. खोलीत आम्ही नऊजण राहतो. तिघं केरळचे, दोन पेशावरचे, एक बंगाली, एक श्रीलंकेचा, पिराजीमामा आणि मी. मी आधी एकट्यानं वाचलं आणि कॉटवर उभा राहून ओरडलो. सगळ्यांना वाटलं, घरी कुणी गेलं. मग फोटो फिरवला. मग सगळे म्हणाले, वाचून दाखव.

मी हिंदीत सांगत गेलो. रसाच्या गाड्याखाली गाडी गेली तेव्हा केरळवाल्यांनी कपाळाला हात लावला. निळा लावणाऱ्याला बंगाल्यानं अशा शिव्या दिल्या की त्या तुला लिहिता येत नाहीत. मामी ‘दाब, दाब’ म्हणतात तिथं पिराजीमामा इतके हसले की खोकला लागला. तुझा फोटो आता दाराजवळ लावलाय, येणारा-जाणारा बघतो. दुकानातही एक लावायचा म्हणून मालकानं प्रत मागितलीय. आणि शर्यतीपुरता म्हणून दिलेला तो जुना डबा परत मागवायचा विषय त्यानं स्वतःच काढून टाकला. मला म्हणाला, “दांड्यांबद्दल मी आणि तू, दोघंही चुकलो.”

मी बरोबर होतो एकाच गोष्टीत, अक्षे. फॉर्म भरला त्यात. एवढं मला आता म्हणता येतं.

पत्र रोज वाचावं लागतं. जेवणं झाली की खानसाहेब, पेशावरचे, टँकर चालवतात, पंचावन्न वर्षांचे, ते माझ्याकडं बघून नुसतं भुवई उचलतात. मी पाकीट काढतो. त्यांना आता सगळं पाठ आहे. कुठल्या वळणावर कोण उलटतं, मला आधी तेच सांगतात. तरी शेवटच्या राउंडला तू अंगठा सोडलास की ते गुडघे जवळ घेतात, श्वास धरतात आणि विचारतात, “जीत गई ना?”

रोज विचारतात. आणि रोज मी सांगतो, “जीत गई, खानसाहेब. जीत गई.”

तुझा,
प्रसेन